शहाबादी फरशीत शिंपला का सापडत नाही?

या महिन्यातली तीन पत्रं एकाच दगडाभोवती फिरतात : चुनखडक. एक वाईहून आलंय, एक इथलंच सांगलीचं, एक तासगाव तालुक्यातून. बाकीची पत्रं पुढच्या अंकावर ठेवून या तिघांना सविस्तर लिहिते.

प्रश्न : वाईतल्या आमच्या जुन्या घराचं काम काढलंय. माजघरातली शहाबादी फरशी उखडून टाइल्स बसवायच्या आहेत. दोन फरश्या उलट्या केल्या तर पाठीवर नेच्याच्या पानासारखी काळी नाजूक नक्षी निघाली. गवंडी म्हणाले, ही समुद्रातली झाडं. नात सहावीत आहे, ती म्हणते चुनखडक समुद्रात तयार होतो. मग साताऱ्यात कधी समुद्र होता का? होता, तर एवढ्या फरश्यांत एकही शंख-शिंपला कसा नाही? आणि काही फरश्या निळसर, काही गुलाबी का?
– एक वाचक, वाई

उत्तर : फरश्या अजून डबराच्या ट्रॉलीत गेल्या नसतील तर त्या दोन बाजूला काढून ठेवा. नक्षीसाठी नव्हे, दगडासाठी.

नक्षी पानाची नाही. भिंग घेऊन उन्हात पाहा. नेच्याच्या पानाला मधली शीर असते, तिच्या दोन्ही अंगांना ठरलेल्या अंतरावर पानं फुटतात. इथे तसं काही नाही. फांदीला फांदी फुटत गेलेली, टोकं बोथट, आणि बहुतेक झुपके एखाद्या चिरेपासून किंवा फरशीच्या कडेपासून निघालेले. दोन थरांमधल्या फटीत पाणी झिरपलं, त्यात विरघळलेलं मँगनीज आणि लोह होतं, ते काळ्या ऑक्साइडच्या रूपात तिथेच बसत गेलं. याला डेंड्राइट म्हणतात. चिखलाचा दगड होऊन, तो कठीण होऊन, त्यात फटी पडल्यावरचं हे काम, त्यामुळे त्या काळच्या समुद्राशी त्याचा संबंध नाही. गवंड्यांना दोष देऊ नका. तीस वर्षं भूशास्त्र शिकवलं, त्यात ही नक्षी जीवाश्म म्हणून आणणारी किती मुलं आली त्याची गणती नाही, आणि दर वेळी मी ती हातात घेऊन पुन्हा पाहिलीच आहे.

आता समुद्राचं. तुमच्या घराच्या जोत्याचा आणि भिंतीचा काळा दगड इथला, पण फरशी इथली नाही. ती आली कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातून. शहाबाद, वाडी, चित्तापूर, सेडम हा तो पट्टा. सोलापूरहून रेल्वेने वाडीकडे जाताना शहाबाद स्टेशन लागतं, तेच गाव. भूशास्त्रात या खडकांना भीमा नदीवरून भीमा गट असं नाव आहे. काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर ओतत गेलेला लाव्हा. त्या लाव्ह्याच्या खाली समुद्राचा एखादा थर दडलाय का, याचं उत्तर तुमच्या जिल्ह्यातच मिळालंय. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या कोयनेच्या भूकंपाचं कारण शोधायला त्या भागात खोल भोकं घेतली गेली. रासाटीला बेसॉल्ट सुमारे ९३० मीटर जाड निघाला, गोठण्याला साधारण १,२५० मीटर, आणि गोठण्याचं भोक पुढे ३ किलोमीटरपर्यंत नेलं. दोन्हीकडे बेसॉल्ट संपला की थेट ग्रॅनाइटच्या जातीचा जुना खडक. मध्ये वाळूचा, चिखलाचा, चुन्याचा एकही पदर नाही. तेव्हा नातीला सांगा की कोयनेच्या बाजूला तरी आपल्या पायाखाली समुद्र नाही. तो माजघरात आला, तो रेल्वेने आणि बैलगाडीने.

पण आला तो खराखुरा समुद्र आहे, आणि तो वाचता येतो.

माझी पहिली नोकरी वाडीजवळच्या एका चुनखडकाच्या खाणीत होती. तिथे शेजारीच फरशीच्या लहान लहान खाणी होत्या. कामगार थराच्या फटीत ओळीने छिन्न्या बसवायचे आणि हलके ठोके देत पुढे सरकायचे. ठोक्याचा आवाज खणखणीतचा भदभदीत झाला की थांबायचे, पहारीचं टोक घालून उचलायचे, आणि सबंध फरशी आडवी सुटून यायची. अशा ताज्या सुटलेल्या अंगावर मी पहिल्यांदा हात फिरवला तेव्हा तळहाताला ओलसर, मुलतानी मातीसारखी पूड लागली. त्या पुडीमुळेच हा दगड फरशी होऊन निघतो. फरशीचा मुख्य भाग म्हणजे चुन्याचा अतिशय बारीक चिखल. कण इतके लहान की भिंगातूनही सुटे दिसत नाहीत. असा चिखल खळबळत्या पाण्यात खाली बसूच शकत नाही, त्याला संथ पाणी लागतं. आणि दोन फरश्यांमधला तो मातीचा पातळ पदर म्हणजे किनाऱ्याकडून गढूळ पाणी आत आलं त्या काळाची खूण. पुन्हा पाणी निवळलं, पुन्हा चुना बसला.

खाणीच्या मालकांना हवी होती फक्त चुन्याची टक्केवारी. मातीचे पदर नोंदवहीत ‘टाकाऊ’ या एका शब्दात जायचे. मला ते पटेना. मी वेगळी वही घातली आणि कड्यावरच्या प्रत्येक पदराची जाडी, खालच्या पदरापासूनचं अंतर लिहीत गेले. कुठे फूट फूट सलग चुना, कुठे बोटाबोटावर माती. त्या टाकाऊ पदरांशिवाय तो कडा मुका होता. एक सावधगिरी मात्र तिथेच शिकले : सगळे पदर गढूळ पाण्याचे नसतात. वरच्या खडकांच्या भाराखाली चुना विरघळून निघून जातो, न विरघळणारी माती तेवढी मागे उरते, आणि करवतीच्या दातांसारखी नागमोडी रेघ तयार होते. तुमच्या फरशीच्या कापलेल्या कडेवर अशी नागमोडी रेघ दिसली तर ती दाबाची. सरळ, सपाट पदर असेल तर तो पाण्याचा असण्याची शक्यता जास्त.

एका फरशीपेक्षा सबंध क्रम पाहिला की समुद्राची हालचाल कळते. भीमा गटाच्या तळाशी, जुन्या ग्रॅनाइटवर, आधी गोट्यांचा थर आणि वालुकाश्म आहे, त्यावर शेल म्हणजे चिखलाचा दगड, आणि त्यावर शहाबादचा चुनखडक. गोटे आणि वाळू किनाऱ्याजवळची, चिखल जरा आतला, आणि चुना तिथला, जिथे नदीची माती फारशी पोचत नाही. म्हणजे समुद्र जमिनीवर चढत गेला आणि किनारा मागे मागे सरकला. गोष्ट तिथेच थांबत नाही. चुनखडकावर पुन्हा शेल, त्यावर पुन्हा चुनखडक, त्यावर परत शेल. वरच्या प्रत्येक शेलला समुद्र खोल झाला किंवा उथळ झाला असं सरळ लेबल लावणं मला मान्य नाही. कधी समुद्र होता तिथेच राहतो आणि किनाऱ्यावरून येणारी माती वाढते. चुना बनायचा थांबला एवढंच थर खात्रीने सांगतो.

शिंपल्यांचा प्रश्न मात्र फार नेमका विचारलात. कवच असलेले प्राणी समुद्रात मुबलक झाले ते सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वीपासून. शहाबादी चुनखडक त्याच्याही आधीचा. त्यात शिंपला सापडायचा कसा, शिंपला जन्मालाच आला नव्हता. मग चुना कोणी केला? काही थेट समुद्राच्या पाण्यातून साखळला, आणि बऱ्याच ठिकाणी सूक्ष्मजीवांनी मदत केली. निळे-हिरवे जिवाणू प्रकाशात अन्न तयार करताना पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात, त्यामुळे पाण्यात विरघळलेला चुना सुटून खाली बसतो. हे जिवाणू चिकट साईसारखे तळावर पसरतात, साईवर चुन्याची पूड बसते, तिच्यावर नवी साय. अशा थरांचे घुमट आणि खांब होतात, त्यांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. ते पाहायचे असतील तर जतवरून विजापूर आणि पुढे बागलकोटकडे जावं लागेल. तिथल्या कलादगी खोऱ्यातले स्ट्रोमॅटोलाइट १०० कोटी वर्षांहून जुने आहेत. उभा कापलेला कांदा ओळीने मांडावा तसे दिसतात. प्रकाश लागत असल्याने ते उथळ पाण्याचीच साक्ष देतात. ऑस्ट्रेलियाच्या शार्क बे या उपसागरात ते आजही वाढतात.

प्राणी नव्हते याचा तुमच्या माजघराशी सरळ संबंध आहे. आजच्या समुद्रतळावर गांडुळांसारखे कृमी, खेकडे, शिंपले चिखल सतत उकरत असतात, त्यामुळे कागदासारखे पातळ थर टिकत नाहीत. त्या काळी उकरणारंच कोणी नव्हतं. जसा थर बसला तसा राहिला. शहाबादी, कडाप्पा आणि कोटा या आपल्याकडच्या तिन्ही प्रसिद्ध फरश्या त्या निर्जन तळावरच्या आहेत, आणि त्यांच्या सपाटपणाला हे एक मोठं कारण आहे. त्यांच्या तुलनेत जैसलमेरचा पिवळा दगड कितीतरी नवा, ज्युरासिक काळातला, आणि त्यात शिंपल्यांचे तुकडे साध्या डोळ्यांना दिसतात.

रंगाचं थोडक्यात : गुलाबी म्हणजे लोहाला ऑक्सिजन भरपूर मिळाला. निळसर-करडा म्हणजे चिखलात ऑक्सिजन कमी आणि थोडं सेंद्रिय कार्बन शिल्लक. कडाप्पा काळा असतो तोही अशाच कार्बनने. पण रंग नंतरच्या भूजलानेही पालटतो, म्हणून एकट्या रंगावर मी कधीच निष्कर्ष काढत नाही. नातीला दाखवायचं असेल तर फरशीच्या ताज्या तुटलेल्या कडेवर लिंबाचे चार थेंब टाका आणि भिंग लावा, बारीक बुडबुडे येतील. ओट्यावर लिंबू सांडलं की कडाप्प्याची चकाकी जाते ती यामुळेच.

प्रश्न : ताई, मी बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहे. ‘चुनखडक म्हणजे उथळ, उबदार, स्वच्छ समुद्र’ एवढं पाठ आहे. पण एकाच कड्यात चुनखडकाचे वेगवेगळे थर दिसतात तेव्हा समुद्रात नेमकं काय बदललं हे कसं ओळखायचं? थरावरून खोली मीटरमध्ये सांगता येते का?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : तू सांगलीची आहेस, म्हणून तुझ्या घरातूनच सुरुवात करते. ऑगस्ट २०१९ आठव. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. पाणी ओसरल्यावर सगळे बादल्या आणि खराटे घेऊन उभे राहिले, मी आधी पट्टी घेऊन खाली बसले. दारात रेती होती, पायाला टोचेल अशी. ओसरीवर मऊ पोयटा. आणि मागच्या खोलीत, जिथे पाणी नुसतं तुंबून राहिलं होतं, तिथे दोन बोटं जाड चिखल, लोण्यासारखा, वाळताना भेगाळलेला. एकच पूर, एकच आठवडा, पण तीन खोल्यांत तीन प्रकारचे थर. वेगळा गाळ म्हणजे वेगळा काळ असं नसतं, वेगळी जागाही असू शकते. हे पहिलं.

आता समज, पुढच्या पुरात दाराची भिंत पडली आणि प्रवाह थेट ओसरीवर आला. मग ओसरीवरच्या पोयट्यावर रेती बसेल. खणून पाहणाऱ्याला खाली पोयटा, वर रेती दिसेल, आणि त्यावरून तो म्हणेल, प्रवाह आत सरकला. शेजारी शेजारी असलेल्या जागांचे गाळच पुढे एकावर एक येतात. योहानेस वाल्थर या जर्मन शास्त्रज्ञाने १८९४ मध्ये हा नियम मांडला. परीक्षेत तो दोन ओळींत लिहितात, पण मागच्या खोलीतला चिखल उपसलेल्या माणसाला तो पाठ करावा लागत नाही. एकच अट लक्षात ठेव : मध्ये खंड पडलेला नसावा. पुरानंतर घर धुऊन काढलं आणि दोन वर्षांनी पुन्हा पूर आला, तर वरखालच्या थरांचा शेजार सिद्ध होत नाही.

चुनखडकात एक गोष्ट वेगळी आहे. नदीचा गाळ बाहेरून येतो, चुना बहुतेक वेळा जागच्या जागी तयार होतो. तो करणाऱ्या जिवांना गढूळ पाणी मानवत नाही. कोकणच्या खाडीच्या तोंडाशी चिखल दिसतो आणि लक्षद्वीपला पांढरीशुभ्र वाळू, त्याचं मोठं कारण हे. लक्षद्वीपच्या बेटांवर माती ओतणारी नदीच नाही. कोकणातही किनाऱ्यावर काही ठिकाणी शिंपल्यांचा चुरा आणि वाळू चुन्याने घट्ट जुळून दगड झालेला आढळतो. तिकडची माणसं त्याला करल म्हणतात. सहलीला गेलीस तर त्याचा तुकडा हातात घे. शिंपल्यांचे तुकडे एकमेकांना टेकलेले दिसतील आणि त्यांच्यामध्ये चिखल जवळजवळ नसेल.

नेमकं तेच पाहायचं असतं. दगडात कण एकमेकांना टेकलेत की चिखलात विखुरलेत? चिखल आहे की धुऊन गेलाय? रॉबर्ट डनहॅमने १९६२ मध्ये चुनखडकांची जी वर्गवारी केली ती या दोन प्रश्नांवरच उभी आहे, आणि माझ्या मते मैदानात तिच्याइतकं कामाचं हत्यार दुसरं नाही. चिखल टिकला म्हणजे पाणी संथ. कण स्वच्छ धुतलेले म्हणजे लाटा किंवा प्रवाह. ही पाण्याची खळबळ झाली, खोली नव्हे. लाटांपासून आडोसा असलेल्या गुडघाभर खाजणातही बारीक चिखल बसतो आणि लाटांच्या आवाक्याखाली, खोल तळावरही बसतो. म्हणून मीटरमध्ये खोली सांगायची घाई करू नकोस.

खोलीबद्दल बोलायला वेगळे साक्षीदार लागतात. तळावर भेगाळलेल्या चिखलाचे ठसे असतील तर तो तळ उघडा पडून वाळला होता, आमच्या मागच्या खोलीसारखा. जिप्समचे साचे असतील तर पाणी कोंडून आटलं होतं. माशाच्या गाबोळीसारखे गोल दाणे असतील तर ते ऊइड, मापाने खसखशीपासून मोहरीपर्यंत. वाळूच्या कणाभोवती किंवा शिंपल्याच्या कणीभोवती चुन्याची पुटं चढत जातात, आणि चारी बाजूंनी चढतात याचा अर्थ दाणा सतत लोळत होता. आज बहामा बेटांजवळ ते तयार होतात, काही मीटर खोलीच्या, भरती-ओहोटीने घुसळल्या जाणाऱ्या पाण्यात. दुसऱ्या टोकाला, महासागरात साधारण ४ ते ५ किलोमीटरखाली चुना टिकतच नाही. वरून पडणारी सूक्ष्म कवचं थंड, दाबाच्या पाण्यात विरघळून जातात. तेव्हा एखाद्या खोल समुद्राच्या क्रमात चुन्याचा थर जाऊन नुसती लाल माती आली, तर तळ त्या रेषेखाली गेला किंवा ती रेष वर चढली, असे दोन अर्थ निघतात. एकच अर्थ गृहीत धरू नकोस.

हे सगळं एकाच कड्यात पाहायचं तर मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात बाघ गावाकडे जा. मी विद्यार्थ्यांना घेऊन गेले होते, जानेवारीची थंडी होती. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉरांच्या काळात, पश्चिमेकडून समुद्र नर्मदेच्या खोऱ्यातून आत शिरला होता. तळाशी निमाड वालुकाश्म, नदीची आणि किनाऱ्याची वाळू. वरच्या भागात कालवांच्या शिंपल्यांचा थर लागला तेव्हा मुलं ओरडलीच, कारण तिथे पाणी खारट झालं होतं. त्यावर गाठाळ चुनखडक, बटाटे चिखलात थापल्यासारखा, कण बारीक, त्यात ॲमोनाइट या आता नामशेष झालेल्या समुद्री प्राण्याच्या कवचांची वेटोळी. खुल्या समुद्राशी संबंध असलेलं, बऱ्यापैकी शांत पाणी. त्याच्यावर तांबूस-पिवळा, तिरक्या रेघांचा चुनखडक. भिंग लावलं तर जाळीदार काड्यांचा नुसता चुरा. या थराचं नाव ‘कोरलाइन लाइमस्टोन’, पण त्या काड्या प्रवाळाच्या नाहीत, ब्रायोझोआ नावाच्या वसाहती करून राहणाऱ्या लहानग्या प्राण्यांच्या आहेत. नाव चुकीचं पडलं आणि तसंच राहिलं. तिरक्या रेघा सांगतात की हा चुरा प्रवाहाने ढकलत नेला, म्हणजे पाणी पुन्हा खळबळतं, उथळ झालं. आणि त्या भागात मान वर करून पाहिलंस तर या समुद्राच्या डोक्यावर बसलाय तो आपला काळा दगड, सह्याद्रीतल्याच लाव्ह्याचा भाऊ. तिथे समुद्र होता, तो मागे हटला, मग लाव्हा आला. कोयनेच्या भोकांत लाव्ह्याखाली समुद्र नाही, इथे आहे. एकाच दगडाखाली प्रत्येक ठिकाणी वेगळी जमीन दडलेली.

पाण्याचं तापमानही थरांत उतरतं. हॅरोल्ड युरीने १९४७ मध्ये दाखवून दिलं की कवच तयार होताना थंड पाण्यात जड ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजन-१८, चुन्यात किंचित जास्त शिरतो. त्या जोरावर पुढे हिमयुगांचे चढउतार मोजले गेले. पण हे मोजमाप कवच मूळ स्थितीत असेल तरच खरं. जुन्या चुनखडकातून इतक्या वेळा भूजल गेलेलं असतं की त्याचा ऑक्सिजन बदललेला असतो. म्हणून यंत्राकडे नमुना पाठवण्याआधी पातळ चकती करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. स्फटिक नव्याने वाढलेले दिसले तर त्या तापमानाच्या आकड्याला अर्थ नाही.

प्रश्न : द्राक्षाच्या नव्या लागणीसाठी चर घेतला. दीड-दोन फुटांखाली पांढऱ्या खड्यांचा थर लागला, खाली खाली जास्तच. आजोबा सांगायचे की याच खड्यांची भट्टी लावून गावच्या देवळाचा आणि विहिरीचा चुना केला होता. चुनखडी समुद्रात होते असं वाचलं. मग आमच्या रानात समुद्र होता का? जुन्या बागेत याच पट्ट्यातली पानं पिवळी पडतात, त्याचाही याच्याशी संबंध आहे का?
– एक शेतकरी, ता. तासगाव

उत्तर : दादा, चुना खराच आहे, पण समुद्राचा नाही. तो तुमच्याच काळ्या दगडातून निघालाय. बेसॉल्टमध्ये कॅल्शियम असतं. पावसाचं पाणी मुरताना ते थोडं थोडं विरघळवून खाली नेतं. तुमच्याकडे वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस, आणि मग आठ महिने ऊन. पाणी फार खोल जाऊ शकत नाही, जमिनीतूनच वर उडून जातं, चुना मागे राहतो. हजारो वर्षं असं होत गेलं की खडे, मग गोटे, मग सलग थर. याच काळ्या दगडावर महाबळेश्वरला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तिथे कॅल्शियम धुऊन वाहून जातं आणि लोह-ॲल्युमिनियम उरून जांभा होतो. दगड एकच, पण एका बाजूला जांभा, दुसऱ्या बाजूला चुनखडी, दोन्ही पावसाने ठरवलेलं.

ओळखायची खूण चराच्या भिंतीत आहे. समुद्राचा थर खाली-वर सपाट कडा घेऊन येतो. तुमचे खडे वर विरळ, खाली दाट आणि मग मुरमाच्या भेगांतून शिरलेले असतील. काही खडे नळीसारखे पोकळ निघतील, तिथे कधीतरी मूळ होतं. एक गोटा फोडून पाहा, आत काळ्या दगडाच्या कण्या आणि माती अडकलेली असेल. क्वचित पातळ वेटोळं कवचही मिळेल, ते रानातल्या गोगलगायीचं.

पिवळ्या पानांचा संबंध असण्याची शक्यता मोठी आहे. शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या राहत असतील तर ते लोह न मिळण्याचं लक्षण. जमिनीत लोह भरपूर असतं, पण चुन्यामुळे ते मुळांना उचलता येत नाही. नव्या लागणीआधी चराच्या वरच्या, मधल्या आणि तळाच्या मातीचे तीन वेगळे नमुने तपासून घ्या आणि मुक्त चुन्याचं प्रमाण विचारा. एकत्र कालवलेल्या नमुन्यावरून तुम्हाला हवं ते कळणार नाही. चर भरताना तळातली पांढरी माती वर येऊ देऊ नका.

आजोबांची गोष्ट अगदी बरोबर आहे. या खड्यांत चुन्याबरोबर माती असते, आणि भाजल्यावर त्या मातीमुळे हा चुना पाण्याखालीही घट्ट बसतो. समुद्रातल्या शुद्ध चुनखडकाच्या चुन्याला, त्यात विटेची भुकटी वगैरे न मिसळता, हे जमत नाही. म्हणून विहिरींना हाच चुना योग्य होता. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की त्या विहिरीत उतरा आणि एरवी पाण्यात असणारे सांधे भिंगाने पाहा. न भाजलेल्या काळ्या कण्या त्यात राहिलेल्या असतील, तुमच्या चरात आहेत तशाच.